वामनकाकांचा ‘वॉश अप’

आमचे वामनकाका इंग्रजी शब्दाचा अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नसत. डिक्शनरीत छापलेला अर्थ त्यांच्या लेखी नुसती ऐकीव बातमी. "छापणारा काय, काहीही छापील," ते म्हणत. "घडताना पाहिलं, साक्षीदार मिळाला, की मग खरं." त्यासाठी त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक जाड वही केली होती. डावीकडे शब्द, मध्ये अर्थ, आणि उजवीकडे तो अर्थ ज्याच्या देखत घडला त्याची सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. सही झाली की काका वही मिटत आणि मांडीवर थाप मारून म्हणत, "अर्थ बसला!"

बाळांनो, तुम्ही इतक्या दूर राहता की तुमच्या खापरपणजोबांच्या पिढीतल्या या काकांचा फोटोसुद्धा तुम्ही पाहिलेला नाही. फोटो नाहीच. म्हणून मी, तुमची पणजी, क्रमाने लिहून ठेवते आहे.

तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. बुऱ्हाणपुरात आमचं घर शनवारा वेशीजवळ होतं. बाजूच्या गल्लीत विणकरांचे माग दिवसभर खटखटत. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कचेरीत होते. वामनकाका त्यांचे धाकटे भाऊ, शाळेत इंग्रजीचे मास्तर. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला पागोटं आणि बारा महिने काखेत छत्री. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा कचेरीत साहेबापुढे उभा राहिला की साहेब विचारी, "इंग्रजी कुठे शिकलास?" हे मी ऐकीव सांगत नाही. अण्णांनी स्वतः पाहिलं होतं, आणि काकांनी त्यावर अण्णांची सहीसुद्धा घेतली होती.

पण वहीपायी त्यांनी आम्हांला छळलं फार.

एकदा अण्णांना खंडव्याची गाडी गाठायची होती. दोघे भाऊ टांग्यानं लालबागच्या स्टेशनाकडे निघाले. अर्ध्या वाटेत टांग्याचा आस मोडला, टांगा कलला आणि अण्णा ट्रंकेसकट धुळीत. काका मात्र उडी मारून बाजूला उभे, चेहरा दिवाळीसारखा. "ब्रेक डाऊन! दादा, हाच तो ब्रेक डाऊन!"

"अरे, मला उठव आधी!"

"एक मिनिट, दादा, तसेच राहा," म्हणून त्यांनी वही काढली आणि टांगेवाल्याचा अंगठा घेतला. टांगेवाला बिचारा घाबरून म्हणाला, "मास्टरसाब, मैंने कुछ नहीं किया, पोलीस को मत देना." गाडी गेली. अण्णा पुढचे चार दिवस काकांशी बोलले नाहीत. काकांना ते पाचव्या दिवशी कळलं.

तर या वहीत सगळ्यांत जास्त जागा अडवली होती ती ‘वॉश अप’नं. "‘वॉश’ म्हणजे धुणं, हे शेंबडं पोरही सांगेल," काका मला सांगत. "पण त्याला ‘अप’ जोडलं की तो घरजावयासारखा वागतो. कुठे काय रूप घेईल, सांगता येत नाही." त्यांनी डिक्शनरीतून आणि इकडून तिकडून त्याचे चार अर्थ गोळा केले होते. चारही घडताना पाहायचे होते.

पहिला मिळाला ताप्तीमाईच्या कृपेनं. पुराच्या पाण्यानं एखादी वस्तू वाहत आणून काठाला लावणं, हाही ‘वॉश अप’च. श्रावणात पूर आला की सगळं गाव राजघाटावर जमे. काका छत्री आणि वही घेऊन सगळ्यांच्या पुढे. नावाडी ओरडला, "मास्टरसाब, पीछे हटो! पूर देखना है तो वरून देखो!"

"मी पूर नाही बघत, अर्थ बघतोय," काका म्हणाले.

दोन तासांनी अर्थ आला. एक खाट वाहत आली, खाटेवर एक जिवंत बकरी उभी होती आणि ती संथपणे काठच्या लोकांकडे पाहत होती. खाट पायऱ्यांना लागली, बकरी उतरली आणि जणू रोजच्या वाटेनं घाट चढून गेली. नावाड्याचा अंगठा वहीत झाला. काका बकरीमागे धावलेसुद्धा, पण ती जसोंडीची आहे की आणखी वरच्या गावची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी मात्र नोंद केली: ‘बकरी, खाटेसह. प्रकृती उत्तम.’

दुसरा अर्थ अमेरिकन पाद्रीणबाईंनी दिला. गावाबाहेर त्यांचा बंगला होता. त्यांनी एकदा काकांना जेवायला बोलावलं. जेवायच्या आधी त्या आपल्या यजमानांना, पाद्रीसाहेबांना, म्हणाल्या, आपण ‘वॉश अप’ करू या. काका चक्रावले. जेवणाआधी भांडी घासायची? पण पाहुण्यानं मागे राहू नये म्हणून ते कोटाच्या बाह्या सारून खानसाम्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरले आणि कालच्या कढईशी झटू लागले. बाईंनी हसून सांगितलं की आमच्या देशात याचा अर्थ हात-तोंड धुणं. दुसरा कुणी लाजला असता. काकांनी ओल्या हातानं वही काढली. बाईंची इंग्रजी सही त्या वहीत फार सुंदर होती.

तिसरा अर्थ काकांना आवडत नसे. अमेरिकेकडच्या बोलीत, ज्याचं आता काही होणार नाही अशा संपलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात म्हणे. बाईंच्या एका मासिकात त्यांनी तो वाचला होता. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबानं तीनदा नापास झालेल्या एका मुलाकडे बोट दाखवून म्हटलं, या मुलाचं काही होणार नाही. काका उभे राहिले. "साहेब, असा माणूस मी शोधतोय. माझ्या वहीत ती जागा रिकामी आहे. पण हा तो नव्हे." साहेबाला वहीचं काही कळलं नाही. मुलाला कळलं. पुढच्या साली तो पास झाला. त्या अर्थापुढची जागा काकांच्या वहीत कायम कोरी राहिली, आणि त्या कोऱ्या जागेचा मला सगळ्या सह्यांपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

आता चौथा अर्थ. तो सगळ्यांत साधा. विलायतेत जेवण झाल्यावर भांडी धुऊन ठेवणं, तोच ‘वॉश अप’. पण त्यासाठी आधी माझं सांगावं लागेल.

मुलींची शाळा तेव्हा सातवीपाशी संपे. मला पुढे शिकायचं होतं, मॅट्रिकला बाहेरून बसायचं होतं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली: "घरचं काम आवरून शीक. आणि चांगलं स्थळ आलं की पुस्तक बंद. मग कुरकुर नको." घरचं काम म्हणजे भांडी. स्वयंपाक आईचा, भांडी माझी. जेवणारी अकरा माणसं. दुपारी जेवणं झाली की परसातल्या मोरीवर ताटं, वाट्या, पातेली, कढया यांचा डोंगर होई. राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसायचं, पितळेला चिंच लावायची. ते संपेतो उन्हं कलत. मग दळण, निवडण, चहा. मला वाचायला उजेड उरत नसे. बीजगणिताचं पुस्तक मी मोरीच्या कठड्यावर उघडं ठेवून पाहिलं. त्यावर ताक सांडलं.

एके दिवशी जेवता जेवता काकांनी जाहीर केलं, "दादा, ‘वॉश अप’चा चौथा अर्थ मी अजून केलेला नाही. पोरांना कोणत्या तोंडानं शिकवू? आजपासून भांडी मी घासणार."

आईचा हात वाढता वाढता थांबला. "भाऊजी, काहीतरी काय! पुरुषमाणसानं उष्टी-खरकटी काढायची? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"वहिनी, विद्येचं काम आहे."

"विद्या त्या पाद्रीणबाईच्या घरी करा. माझ्या मोरीवर नको."

अण्णा चिडले. पण काकांची शाळा सकाळची. दुपारी ते मोकळे. जेवणं होताच त्यांनी धोतर खोचलं, बंडी घातली आणि मोरीवर बसले. घासून झाल्यावर वही घेऊन आईपुढे आले. "वहिनी, सही."

आईला सही करता येत होती. पण ती म्हणाली, "मी नाही देणार. माझ्या दिरानं भांडी घासली, हे मी माझ्या हातानं लिहून देऊ?"

"मग अर्थ बसला नाही. उद्या पुन्हा."

मी म्हटलं, "काका, मी करते सही."

"तू अज्ञान. कायद्यानं चालत नाही. जा, वाचायला बस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई सही देईना, काका मोरी सोडीनात. कधी आई नरमल्यासारखी दिसली की काकाच नवीन खुसपट काढत. "आज नुसती ताटं झाली, वहिनी. पातेल्यांचा अर्थ निराळा." मग, "लोखंडी तव्याचं अजून जमलेलं नाही." असा एक महिना गेला, मग सहा, मग वर्ष. गल्लीतले विणकर भिंतीवरून डोकावून विचारत, "क्यों मास्टरसाब, हुआ क्या आपका लब्ज?" काका राखेचा हात वर करून सांगत, "चल रहा है, भाई. बड़ा कठीण लब्ज है."

आणि मी दुपारभर माडीवर बसून वाचत होते. मॅट्रिकला पाच महिने उरले.

तेव्हा शाहपूरचं स्थळ आलं.

मोठं घर, शेती, कापसाचा व्यापार. मुलाचे वडील स्वतः मुलगी पाहायला येणार होते. अण्णांनी काकांना आदल्या दिवशी बजावलं, "वामन, उद्याचा दिवस मोरीवर दिसू नकोस. हात जोडतो."

"पाहुणे बसलेले असताना नाही दिसणार," काका म्हणाले.

पाहुणे आले. रवा-तुपाचा दराबा झाला, मावा-जिलेबी झाली, पंगत उठली. पाहुणे हात धुवायला परसात गेले. अण्णा त्यांच्यासाठी पानाचं तबक आणायला आत वळले. तोवर काका शाळेतून मागच्या दारानं आले होते. पाहुणे बसलेले नव्हते, उठले होते. तेव्हा काकांच्या हिशेबी वचन पुरं झालं होतं. धोतर खोचून ते मोरीवर बसलेले. पाहुण्यांनी गुडघ्यापर्यंत धोतर, राखेनं माखलेले हात पाहिले आणि त्यांना वाटलं, घरचा गडी.

मी माडीच्या जिन्यावर होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे भाऊ, पाणी घाल जरा हातावर."

काकांनी उठून तांब्यानं पाणी घातलं. पाहुण्यांनी चूळ भरली.

"किती दिवसापासून आहेस रे या घरी?"

"जन्मापासून."

"मग तुला ठाऊक असेल. पोरगी कामाला कशी आहे? खरं सांग, घाबरू नको."

"भांडी तर मीच घासतो."

"तू घासतोस? मग ती काय करते दिवसभर?"

"वाचते, साहेब. मॅट्रिकला बसायची आहे."

पाहुणे हसले. मिशा पुसत म्हणाले, "ती हौस काय, दोन दिवसांची. एकदा आमच्या घरी आली का पुस्तकं बंबात घालू. पाणी तरी तापेल."

 काकांनी पाहुण्यांचं ताट उचललं आणि घासायला घेतलं.

घटकाभरानं ओसरीवर पानसुपारी चालू असताना काका कोट घालून, पागोटं बांधून आले आणि अण्णांशेजारी बसले. अण्णा म्हणाले, "हे माझे धाकटे बंधू. शाळेत इंग्रजीचे मास्तर."

पाहुण्यांच्या तोंडातलं पान तिथेच राहिलं. "हे... मघाशी मोरीवर..."

"होय," काका म्हणाले. "तुमचंच ताट होतं. भाताला तूप जरा जास्त घेता, राख दोनदा लावावी लागली." मग ते अण्णांकडे वळले. "दादा, यांच्याकडे मुलीची पुस्तकं बंबात घालतात. हे मी ऐकीव नाही सांगत. मला स्वतः म्हणाले."

अण्णांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे आधी गडबडले, मग तापले. "मस्करीत बोललो असेन. पण ते सोडा. ज्या घरी मर्द लोक उष्टी काढतात, त्या घरची पोरगी आमच्या घरी कशी चालेल? तुम्हीच सांगा, लाज नाही वाटत?"

जिन्याच्या खालच्या पायरीवरून मी ओसरीकडे पाहत होते. अण्णांना त्या मोरीची किती लाज वाटत होती, ते मला ठाऊक होतं. वर्षभर जेवण झालं की ते परसाकडचं दार लावून घेत. आता ते काकांवर ओरडतील, पाहुण्यांची क्षमा मागतील, आणि माझी पुस्तकं आजच फडताळात जातील, असं मी धरून चालले होते.

अण्णांनी सुपारी तोंडात टाकली नाही. तबकात परत ठेवली.

"साहेब," ते म्हणाले, "उष्टं तुम्ही केलंत. त्यानं उचललं. यात लाज त्यानं का वाटून घ्यावी?"

पाहुणे जोडे घालून निघून गेले. त्यांचा टांगा वळला तसे अण्णा आत आले आणि हात पुढे करून म्हणाले, "वामन, ती वही आण."

"कशाला, दादा?"

"आण म्हणतो ना."

अण्णांनी चौथ्या अर्थासमोर सही केली, पूर्ण नावानिशी, कचेरीतल्या कागदावर करत तशी, खाली दोन रेघा ओढून. मग मला हाक मारून म्हणाले, "कुमुद, परीक्षा होईपर्यंत या घरात स्थळाचं नाव निघणार नाही. जा वर."

परीक्षा पास झाले हे सांगायला नकोच. नाहीतर तुमच्या बापाला शाळेत जायच्या आधी अक्षरं कोणी शिकवली असती? पण मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या आधीचं.

सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी राखेचं मडकं घेऊन मोरीवर गेले. अर्थ बसला होता, तेव्हा पाळी माझी. पाहते तर काका आधीच बसलेले.

"काका, आता कशाला? अण्णांची सही झाली ना?"

"झाली की."

"मग?"

"मग काय? भांडी कुठं संपली?" त्यांनी कढई पालथी केली. "जा, कुमे. भूमिती राहिली आहे तुझी."

मी स्वयंपाकघरात आले. आई पोळ्यांचा डबा पुसत होती. मी तिला म्हटलं, "आई, काकांना वेड लागलंय का गं? सही मिळाली तरी घासतायत."

 आई डबा पुसता पुसता हळू आवाजात म्हणाली, "त्यांना भांडी घासायला सहीची गरज कधी होती? नाहीतर मी तरी ती वर्षभर कशाला अडवली असती? सही दिली की मोरी पुन्हा तुझ्याकडे आली असती."

मी खाली बसले.

"तुझी काकू," आई म्हणाली. काकू मी दोन वर्षांची असताना गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा विषय निघत नसे. "लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. भाऊजींनी ठरवलं, रोज दुपारी तिला शिकवायचं. पाटी आणली, अंकलिपी आणली. माझ्या पोटात तेव्हा तू, मग तू तान्ही. भांडी तिच्याकडे होती. ती म्हणायची, एवढी आवरून आलेच. ते खोलीत पाटी घेऊन बसायचे. ती हात पुसत जायची तोवर दळणाची वेळ, चहाची वेळ. भाऊजी चिडायचे. म्हणायचे, तुला शिकायचंच नाही, भांड्यांचं निमित्त करतेस. ती काही बोलायची नाही. तीन वर्षांत ‘ण’पर्यंत आली होती."

परसातून पितळेवर राख घासल्याचा आवाज येत होता.

"मग तापाची साथ आली. ती गेली. तिचे दिवस होतात तोच मीही आजारी पडले. घरात दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा भाऊजी पहिल्यांदा मोरीवर बसले. मी आतून अंथरुणावरून पाहत होते. जेवणं होताच बसले, ते शेवटचं पातेलं पालथं घातलं तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. उठून आत आले. हात तसेच राखेचे. माझ्या अंथरुणाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘वहिनी, ती निमित्त करत नव्हती हो.’"

आईनं डब्याचं झाकण लावलं.

मी उठले, माडीवर गेले आणि भूमितीचं पुस्तक उघडलं.